डचेसचे तीन मजले

मंगळवार, ३ नोव्हेंबर

नाही, जनावराशी माझं काही वाकडं नाही. उगाच कुणी तसं म्हणू नये. माझ्या परसात फेरेट होते, मुंगसासारखी शिकारी जनावरं, तेव्हा या गल्लीतल्या अर्ध्या घरांत रविवारी ससा शिजायचा, आणि तो माझ्याच जनावरांनी बिळातून हुसकून काढलेला असायचा. पण ती परसात होती. लाकडी खोकं, खाली पेंढा, वर पत्रा. त्यांना नावं नव्हती. पांढरी, काळी, चावरी, एवढंच.

हिचं नाव डचेस. माझा मुलगा कीथ सप्टेंबरात दोन बॅगा आणि हिचा पिंजरा घेऊन घरी आला. पिंजरा म्हणजे कपाटच. तीन मजले, चढायला छोट्या शिड्या, लोळायला कापडी झोके. सगळा तारेचा. मजल्यांच्या जमिनीसुद्धा तारेच्याच, घाण खाली पडावी म्हणून. आत ही एवढीशी, लांबुडकी, तोंडावर चोरासारखा काळा पट्टा. वेगळं होताना त्याच्या बायकोने घर ठेवून घेतलं, याने ही. मी म्हटलं, बरा सौदा केलास. हसला नाही.

पिंजरा जिन्यावरून वर जाईना, म्हणून पुढच्या खोलीत ठेवलाय. कीथ वर, हिल्डाच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, शिवणाच्या खोलीत झोपतो. नोकरी गेलीय. दुपारपर्यंत उठत नाही. उठतो तो पिंजऱ्यासाठी. खाली येतो, घाण काढतो, तिला खायला घालतो, तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलतो आणि परत वर. माझ्याशी बोलायचं तर 'हं'.

ही वही हिल्डाची. म्हणजे तिची व्हायची होती. ती रोज एक ओळ लिहायची, म्हणून मी दर जानेवारीला घेऊन द्यायचो. यंदाही सवयीने घेतली. दुकानातून बाहेर आल्यावर लक्षात आलं, लिहायला ती आता नाही. कोरी पडलीय, फुकट जायला नको.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

दरवर्षीच्या पाच नोव्हेंबरच्या होळ्या आणि फटाके. टॉट बोलवायला आला. टॉट शेजारी राहतो, खाणीत माझ्याच पाळीला होता, आता कबुतरं पाळतो.

"कीथला घेऊन ये की. बटाटे भाजतोय. लहानपणी पहिला पळायचा."

मी जिन्यातून हाक मारली. खाली कुणी आलं नाही. म्हटलं झोपला असेल. पुढच्या खोलीत बघतो तर हा पठ्ठ्या दिवा न लावता जमिनीवर आडवा, हात पिंजऱ्यात. फटाका वाजला की जनावर त्याच्या बाहीत घुसायचं.

"घाबरलीय," म्हणाला.

"जनावर आहे. सवय होईल."

"हो," म्हणाला. पण हात काढला नाही.

टॉट बटाटा देऊन गेला. कीथच्या वाटणीचा सकाळी मीच खाल्ला.

शनिवार, ७ नोव्हेंबर

आज पोरगा बोलला. पुरं वाक्य.

"बाबा, तिचे पाय बघा जरा."

बघितले. तळवे लाल, मागच्या पायाला फोड, आणि एक नख उखडलेलं. तारेत अडकलं असणार. दिवसभर तारेवर चालायचं, झोपायचं तारेवर. माझ्या खोक्यात असलं काही कधी झालं नव्हतं. हे म्हटलं तर त्याला टोचेल म्हणून म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच.

"माहितीय," म्हणाला. "पुठ्ठा घातला होता, भिजतो. कापड नुसतं टाकलं तर ती उकरून एका कोपऱ्यात गोळा करते. घट्ट बसेल असं काहीतरी पाहिजे. तुमच्याकडे काय आहे?"

मी म्हटलं बघू. उगाच लाड नकोत.

पण हे लिहून ठेवतो, कारण हिल्डाने लिहिलं असतं. घरी आल्यापासून त्याने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

रविवार, ८ नोव्हेंबर

जेवताना म्हणाला की मऊ लोकरी कापडाची खोळ शिवायची, मजल्याच्या मापाची, चारी कडा दुमडून, कोपऱ्यांना नाड्या. खालून बांधायची. काढून धुता येते. हे सगळं त्याने कुठेतरी वाचलंय. मी म्हटलं, बरं मग?

तर म्हणाला, "आईचं मशीन वर आहेच. आणि तिचा तो निळा गाऊन. दाराच्या मागे टांगलेला. तसलंच कापड लागतं."

मी ताटावर सुरी आपटली. म्हटलं, "आईच्या वस्तूला हात लावायचा नाही. फेरेटच्या बुडाखाली घालायला नाहीये तो."

तो म्हणाला, "बरं."

बरं म्हणण्यासारखं मी काय बोललो होतो? भांडायचं तरी. लहानपणी भांडायचा. हॅमचा तुकडा तसाच टाकून वर गेला.

मंगळवार, १० नोव्हेंबर

डोक्यात काल उजेड पडला. पट्टा!

या गावात कुणाकडे नाही तो? कोळसा वाहायचा रबरी पट्टा. खाण बंद झाली तेव्हा जो तो गुंडाळ्या ढकलत घरी घेऊन आला. भाजीच्या वाफ्यांमधल्या वाटांवर तोच, टॉटच्या कबुतरखान्यात तोच, चॅपलच्या मागच्या दाराशी पाय पुसायला तोच. पावसाने कुजत नाही, घाण पुसली की गेली. माझ्या शेडमध्ये भिंतीला अजून एक गुंडाळी उभी आहे.

कीथला म्हटलं, "बूट घाल. मला एकट्याला उचलायची नाही ती."

खोटं होतं. उचलली असती. पण आला.

पट्टा कापायचा म्हणजे कटर साबणाच्या पाण्यात बुडवत बुडवत ओढायचा, नाहीतर पातं रुतून बसतं. हे मी त्याला दाखवलं. एकदाच दाखवावं लागलं. मी टोक धरून बसलो, तो कापत गेला. माप बरोबर घेत होता, हिल्डासारखं, आधी बोटाने मग पट्टीने. टॉट दारात येऊन उभा राहिला.

"काय रे विल्फ्या, खाण परत उघडतोस की काय?"

"राणीसरकारांच्या महालात गालिचा घालतोय."

"मग टोपी आणि दिवाही दे तिला. आणि युनियनचं कार्ड."

"ती संपावर जाईल मग," कीथ म्हणाला.

आणि हसला. टॉटने माझ्याकडे बघितलं, मी पट्ट्याकडे बघितलं.

तिन्ही मजले झाले. कोपरे खांबांना बसतील असे कापले, भोकं पाडून बारीक तारेने खाली आवळले. बसवताना कीथ म्हणाला, "बाबा, कडेला सुटतंय हे. जुनं झालंय, भुगा होतोय बघा. रबर यांना चावायला आवडतं. पोटात गेलं तर—"

मी म्हटलं, "अरे, डोंगराएवढा कोळसा गेलाय यावरून. तिचे दात काय करणार आहेत याला?"

त्याने अंगठ्याने कड जराशी खरवडली. बोटाला काळं लागलं. पँटला पुसलं.

"बरं," म्हणाला.

बुधवार, ११ नोव्हेंबर

जनावर रात्री झोक्यात न झोपता पट्ट्यावर पसरून झोपलं. खालच्या मजल्यावर, पोट टेकून. कीथ उठायच्या आधी मीच बघून आलो. सहज.

रविवार, १५ नोव्हेंबर

मधले दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. चांगले गेले की लिहायला काही नसतं.

पायाचे फोड बसलेत. नखाच्या जागी खपली धरलीय. कीथ सकाळी खाली येतो. काल न सांगता दाढी केली. आज माझ्याबरोबर वाफ्यावर आला, लीकचे लांब कांदे काढायला. थंडी होती. खणता खणता म्हणाला, "शहरात गोदामाच्या कामाला माणसं घेतायत. विचारून बघू का?"

मी म्हटलं, "विचारायला काय जातंय?"

एवढंच म्हटलं. आणखी काही बोलायला हवं होतं की काय कोण जाणे. हिल्डाला कळायचं कुठे काय बोलायचं. मी आपला मोठ्यातला मोठा लीक त्याच्या पिशवीत टाकला.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

डचेसने काल खाल्लं नाही. आजही नाही. कीथ म्हणतो, डॉक्टरकडे नेऊ.

मी म्हटलं, "कशाला? एक वेळ खाल्लं नाही की चालले डॉक्टरकडे. आपोआप येते भूक."

बशीत दुधात पाव कालवून दिला. आमच्या खोक्यातल्यांना हेच द्यायचो, पोट बिघडलं की. तिने जरासा चाटला आणि तोंडाशी पंजे घासत बसली. चाटला म्हणजे आलीच की भूक.

"एक दिवस थांब," मी म्हटलं. "उद्या पळताना दिसेल."

थांबला. माझं ऐकतो अलीकडे.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

पळत नाही. झोपून आहे. ओकली. कीथने गोदामाला फोन करायचा होता तो केला नाही. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत बघू.

संध्याकाळी डॉक्टरचा दवाखाना बंद झाला होता.

शनिवार, २१ नोव्हेंबर

टॉटच्या गाडीने गेलो. कीथने तिला कोटाच्या आत छातीशी धरलं होतं. वाटेत टॉटने एकदा काहीतरी गंमत करून बघितली. कुणी हसलं नाही, मग तो रस्त्याकडे बघत राहिला.

डॉक्टरीण तरुण. बोटांनी पोट चाचपलं आणि थांबली. म्हणाली, आतडं बंद झालंय, उघडून बघावं लागेल, उशीर झालाय, सांगता येत नाही. कीथ म्हणाला, बघा.

बाहेर बाकावर बसलो. समोर एका बाईच्या मांडीवर मांजर, टोपलीत. तिने विचारलं, "तुमचं काय?" मी म्हटलं, "फेरेट." ती म्हणाली, "अय्या."

डॉक्टरीण बाहेर आली ती मान खाली घालून. सांगायची गरज नव्हती. हातात छोटी बशी. बशीत काळा तुकडा, वालाच्या दाण्याएवढा, झिजून गुळगुळीत झालेला. मला ओळखू आला. कोळशाचा वास यायला हवा होता, आला नाही.

"हे रबर," ती म्हणाली. "पिंजऱ्यात काय घातलं होतं तुम्ही?"

मी तोंड उघडलं.

कीथ म्हणाला, "मीच कापला होता. पट्टा. कडा नीट केल्या नाहीत मी."

तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तसाच. तोंड उघडलेलं होतं, ते मिटलं. बास. मिटलं.

त्याला खरंच तसं वाटतं, का मला झाकत होता? गाडीत विचारीन म्हटलं. गाडीत टॉट होता. घरी आल्यावर विचारीन म्हटलं. घरी आल्यावर तो वर गेला.

रविवार, २२ नोव्हेंबर

वाफ्याच्या टोकाला पुरली, जिथे माझ्या जुन्या खोक्यातल्या सगळ्या आहेत. जमीन कडक झाली होती, मीच खणलं. टॉटने टोपी काढली, फेरेटसाठी. एरवी मी त्याला बोललो असतो.

कीथने तिला दवाखान्यातल्या टॉवेलमध्येच ठेवलं. निघताना मी म्हटलं होतं, "थांब, आईचा गाऊन आणतो, त्यात गुंडाळू."

तो म्हणाला, "आता कशाला, बाबा?"

रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

कीथ खाली येत नाही. यायचं तरी कशाला? खाली पिंजरा, तो रिकामा.

सकाळी चहा दाराशी ठेवतो. दुपारी उचलतो, साय धरलेली असते. स्ट्यू ठेवला, तसाच. दारावर थाप मारून म्हटलं, "असं पडून राहून काय होणार?" जोरात म्हटलं, "जनावरच होतं शेवटी!"

खाली आलो, तेव्हा मला माझाच आवाज ऐकू येत होता.

पट्टे उचकटले. तारा इतक्या आवळल्या होत्या की पक्कड लागली. कडेला दातांच्या खुणा होत्या, बारीक, ओळीने. एवढं बारीक काम मी बघितलंच नव्हतं. शेडमधली उरलेली गुंडाळी बाहेर ओढली आणि नाल्यापर्यंत ढकलत नेली. टॉट भिंतीवरून बघत होता. "मदत करू?" म्हणाला. मी म्हटलं, "तुझी कबुतरं बघ." मग संध्याकाळी त्यानेही त्याच्या कबुतरखान्यातला पट्टा काढून बाहेर टाकलेला दिसला. कबुतरं रबर खातात होय? पण टाकला.

सोमवार, ३० नोव्हेंबर

आज मी थांबलो नाही.

सकाळी दार ढकललं. कीथ भिंतीकडे तोंड करून पडलेला. ओठ फुटलेले. म्हटलं, पाणी पी. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे वळले नाहीत. डचेस त्या शुक्रवारी अशीच पडली होती. तेच बघणं. मी तिथे उभा होतो आणि तोंडात आलंही होतं, 'उद्यापर्यंत बघू.' मी स्वतःच्या कानाने ऐकलं ते, बाहेर पडायच्या आधी.

जिना उतरून फोन केला. डॉक्टरांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता या. आयुष्यात कधी असं बोललो नाही कुणाशी. हिल्डाच्या वेळीसुद्धा नाही. तिच्या वेळी मी म्हटलं होतं, सर्दीच आहे.

डॉक्टर आले, वर बराच वेळ होते. मग हॉस्पिटलची गाडी आली. गल्लीतली सगळी दारं उघडली. उघडू देत. कीथ आपल्या पायांनी चालत उतरला, दोघांनी धरून. पिंजऱ्यापाशी जरासा थांबला. तारेच्या जमिनींकडे बघितलं.

"काढलात," म्हणाला.

"हो."

गेला.

शुक्रवार, ४ डिसेंबर

शहरातल्या हॉस्पिटलात आहे, मनाच्या आजाराच्या वॉर्डात. असल्या जागेचं नाव आमच्या घरात कुणी मोठ्याने घेतलं नसतं. मी बसमध्ये मोठ्याने घेतलं, कंडक्टर नसतो हल्ली, ड्रायव्हरला. कुठे उतरू विचारायला. काही झालं नाही. त्याने स्टॉप सांगितला.

कीथ झोपून होता. तासभर बसलो आणि आलो. येताना वाटलं, हातात काही नेलं नाही. काय नेणार?

घरी घड्याळाची टिकटिक आणि रिकाम्या पिंजऱ्याच्या तारा. दिवा लावला की त्यांची सावली भिंतीवर पडते, चौकटी चौकटी. बघवत नाही.

शनिवार, ५ डिसेंबर

गाऊन दारामागून काढला. वास घ्यायचा नव्हता, पण जवळ धरल्याशिवाय कापता येत नाही. वास राहिलेलाच नाही. म्हणजे मी एवढे दिवस दाराला टांगून ठेवला होता तो नुसता कपडाच.

कापला. माप घेतलं, आधी बोटाने मग पट्टीने. कीथ म्हणाला होता तसं, कडा दुमडायला जास्तीचं सोडून. मशीनमध्ये दोरा ओवायला अर्धी सकाळ गेली. सुई मोडली. दुसरी तिच्या डब्यात होती. पहिली शिवण सापासारखी गेली, उसवली. दुसरी बरी. नाड्या गाऊनच्याच पट्ट्याच्या केल्या.

टॉट आला, चहा मागायला म्हणून. मला मशीनवर बघून दारातच थबकला. एरवी महिनाभर पुरेल एवढी टिंगल केली असती. म्हणाला, "कड आत घाल, विल्फ. नाहीतर सुटेल."

विल्फ म्हणाला. विल्फ्या नाही.

तिन्ही मजले झाले. बांधले. कुठे काही सुटत नाही. हात फिरवून बघितला, तारा लागत नाहीत.

रविवार, ६ डिसेंबर

कीथ उशीला टेकून बसला होता. मी खुर्ची ओढली. मला सांगायचं होतं. बसमध्ये सगळं जुळवून ठेवलं होतं: पट्टा माझा, थांब म्हणालो तो मी, तू तर मला आधीच सांगितलं होतंस. तीन वाक्यं. एवढं काय आहे त्यात?

म्हटलं, "मशीनची सुई मोडली."

त्याने मान वळवली. "कुठल्या मशीनची?"

"आईच्या."

"तुम्ही काय शिवत होतात?"

"मजले. निळ्याचे. नाड्या लावल्यात, तू म्हणाला होतास तशा."

शेजारच्या पलंगावरचा माणूस एकसारखा खोकत होता.

"कशाला, बाबा? आता आहे कोण त्यात?"

"तारा उघड्या दिसतात," मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले. हात चादरीवर होता. मी माझा त्याच्यावर ठेवला. त्याने काढून घेतला नाही. धरलाही नाही.

नर्स आली, वेळ संपली म्हणाली. दाराबाहेर मला विचारायला लागली, घरी काय झालं होतं, कशाने सुरू झालं, कागदावर लिहायचंय. मी तिला म्हटलं, रबर मी घातलं होतं. त्याने नाही. हे लिही. त्याला वाचून दाखव.

ती म्हणाली, तुम्हीच सांगा ना त्याला.

मी वळून परत आत गेलो. पुढे तिथे काय बोललो ते इथे लिहिणार नाही. ही वही हिल्डाची आहे, तिला हवं तर तिने विचारावं. दुसऱ्या कुणाला मी सांगणार नाही. बास.